मिरर कमांडला सुट्टी : बेळगाव भागातले चार दिवस

शुक्रवार, १ मे

अर्धं काढायचं, सिलेक्ट करायचं, एमआय टाईप करून एंटर मारायचा. उरलेलं अर्धं घर आपोआप तयार. कोल्हापुरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी अठरा वर्षं ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर बसते आणि मिरर या एका कमांडवर माझं पोट चालतं. मंगल कार्यालय असो नाहीतर पतसंस्थेची शाखा, दार मधोमध, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, दारावर कमळ. गिऱ्हाइकाला तेच भारदस्त वाटतं. त्याचं काही चुकतं असं नाही, पण रात्री डोळे मिटले तरी ती लाल तुटक सेंटर लाईन दिसत राहते.

म्हणून तीन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतला. तोही, हसू नका, मिररलेस. तेव्हापासून सुट्टी मिळाली की इमारतींचे तुकडे काढत फिरते. अख्खी इमारत नाही. जिन्याची एक कड, छज्ज्याखालची सावली, दोन भिंती भेटतात तो कोपरा. जमीन फ्रेममध्ये येऊ द्यायची नाही. आभाळ आलंच तर निळा त्रिकोण म्हणून येईल. हे काय आहे आणि केवढं आहे हे बघणाऱ्याला चटकन कळता कामा नये, आधी आकार दिसले पाहिजेत. रॉडचेन्को या रशियन फोटोग्राफरनं १९२०च्या दशकात मॉस्कोतल्या बाल्कन्या खालून तिरक्या टिपल्या. ल कोर्बुझिए या आर्किटेक्टच्या इमारतींचे फोटो १९४९पासून काढणारा ल्युसिएँ एर्वे तर प्रिंट हातात आली की कात्री घेऊन बसायचा आणि नको तो भाग कापून टाकायचा. ही सगळी मंडळी मला रात्री उशिरा मोबाईलवर भेटली. आपल्याकडच्या दगडामातीवर हे कसं उतरतं ते बघायचं होतं, आणि त्यासाठी आजोळासारखी जागा नाही. आजोळ म्हणजे शहापूर, बेळगाव. सरकारी कागदावर १ नोव्हेंबर २०१४पासून बेळगावी, घरात बेळगावच.

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, जोडून शनिवार-रविवार, सोमवारची रजा टाकली. महाराष्ट्र दिनाला मी कर्नाटकात निघाले यावर आमच्या घरात जे काही बोलणं व्हायचं ते झालं. तो विषय १९५६पासूनचा आहे, इथं काढत नाही.

कोगनोळीचा नाका ओलांडून निपाणीत उतरले ते तंबाखूच्या वखारींसाठी. निपाणी म्हटलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना १९८१चं रास्ता रोको आठवतं. तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हायवेवर बसले होते आणि शेवट गोळीबारात झाला. वखारी त्याच्याही आधीच्या. मी गाठली ती एक बंद पडत आलेली होती. लांबच लांब चुन्याची भिंत, वर छपराला लागून बोटभर झरोके, आणि एवढ्या भिंतीला एकच दार, डांबर फासलेलं, काळंकुट्ट.

सवयीनं दार मधोमध धरलं. फोटो ऑफिसातल्या एलिव्हेशनसारखा, म्हणजे दर्शनी बाजूच्या नकाशासारखा आला, बरोबर आणि निर्जीव. मग डावीकडे सरकत गेले. दार फ्रेमच्या अगदी उजव्या कडेला गेलं, बाकी सगळी भिंत पांढरी, मोकळी, वर झरोक्यांची रांग. आता फोटोत काहीतरी ताण आला. एवढी भिंत एकीकडे आणि एवढंसं दार दुसरीकडे, तरी फ्रेम कलंडत नव्हती. का कलंडत नव्हती, हे सांगता येईना.

तेवढ्यात वखारीचे राखणदार काका आले. "काय काढालाय ताई? कंपनीकडनं आलाय?" नुसती भिंत काढतेय म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बहुतेक दया येऊन म्हणाले, "आत या की. ऊन लागंल."

आत दाराशीच जुना काटा होता. खाली पोतं ठेवायचा लोखंडी पाट, वर आडवी पितळी दांडी, दांडीवर सरकणारं मुठीएवढं वजन. काकांनी एक पोतं पाटावर ढकललं. तंबाखूचा भपकारा असा आला की मला सलग चार शिंका आल्या. मग त्यांनी ते वजन बोटानं दांडीवरून टोकाकडे सारत नेलं. दांडी आधी खाली पडून होती, मग थरथरली, मग अधांतरी थांबली. एवढं मोठं पोतं, आणि त्याला तोलून धरणारं एवढंसं पितळ. टेकूपासून लांब आहे म्हणून त्याला ते जमतं. बाहेर येऊन पुन्हा भिंत बघितली. काळं दार म्हणजे ते सरकवजन होतं. पुस्तकी भाषेत याला असममित समतोल म्हणतात, पण मला तो शब्द कधी कळला नव्हता. काटा कळला.

पुढची बस, तवंदी घाट, संकेश्वर, वंटमुरी, झोप. संध्याकाळी शहापुरात मामांच्या दारात उतरले तेव्हा गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता आणि मामी कुंद्याचा डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती.

शनिवार, २ मे

मामांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे तीन दिवस ते माझ्याबरोबर होते आणि प्रत्येक फोटोवर त्यांचं मत होतं. बेळगावात फौंड्र्या पुष्कळ. त्यातल्या एकीत मामा चाळीस वर्षं पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याच मापाचं लाकडी सोंग करावं लागतं. ते वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. ते लाकडी सोंग म्हणजे पॅटर्न. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रोज सकाळी उद्यमबागेत आपल्या जुन्या शिष्याच्या शेडमध्ये जाऊन बसतात. पहाटेच मला म्हणाले, "किल्ला कुठं पळून चाललाय काय? आधी शेड बघ."

शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. आम्ही ड्रॉइंगमध्ये त्याला नॉर्थ लाईट ट्रस म्हणतो. प्रत्येक दाता एका बाजूनं तिरका, पत्र्याचा. दुसऱ्या बाजूनं जवळजवळ उभा, काचेचा, आणि काच उत्तरेला. म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. मुद्दाम वाकडा केलेला त्रिकोण आहे तो. मधोमध उंच असलेलं छप्पर हे काम करू शकत नाही. पण गंमत अशी की बेळगाव विषुववृत्तापासून पावणेसोळा-सोळा अंशांवर. उन्हाळ्यात इथं सूर्य उगवतो तोच पूर्वेच्या बराच उत्तरेकडे. त्यामुळे मेच्या सकाळी उत्तरेच्या काचेतूनही ऊन आत येतं. साडेआठला शेडच्या फरशीवर उन्हाच्या तिरक्या चौकटी पडल्या होत्या, एकीलाही काटकोन नव्हता. मी त्या चौकटींवरून वाकून अर्धा तास काढला. लाकडाचा भुसा उन्हात उडत होता तो फोटोत नको होता. आता वाटतं, असू द्यायला हवा होता.

मामांनी फळीवरून एक जुना पॅटर्न काढला. सागवानी, पाईपच्या वाकाचा, दोन फाकांचा. आंब्याचा उभा काप घ्यावा तशा दोन फाका, एकीवर दोन पिना, दुसरीवर दोन भोकं.

"बसव बघू."

बसवला. टक् आवाज आला आणि फट दिसेनाशी झाली.

"आता उलटा बसव."

फिरवून बसवायला गेले तर बसेना. एक पीन भोकात, दुसरी लाकडावर आपटत होती. नीट बघितलं तेव्हा कळलं की दोन पिना मध्यापासून सारख्या अंतरावर नव्हत्याच. एक अर्धा इंच आत सरकलेली.

"चुकून?" मी विचारलं.

"चुकून कशाला की! सारख्या अंतरावर ठोकल्या तर उलटा पण बसतोय. आणि उलटा बसतोय म्हटल्यावर कोणतरी बसवणारच. रातपाळीला तर नक्की बसवणार. म्हणून एक पीन सरकवायची. सांगावं लागत न्हाई मग. पॅटर्नच सांगतोय, मला असा धर म्हणून."

त्यांची पट्टीही खोटी आहे. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशोब नको म्हणून पट्टीच मोठी. तिच्यावरचा १ मीटर म्हणजे खरा १०१० मिलिमीटर. शिवाय सरळ दिसणारी एकही बाजू सरळ नाही, वाळूतून सुटावी म्हणून किंचित निमुळती. म्हणजे बाहेरून भूमितीच्या पुस्तकासारखी दिसणारी वस्तू मापानं, बाजूनं, पिनांनी सगळीकडून थोडी थोडी चुकवलेली. मी त्या दोन पिनांचा फोटो इतक्या जवळून काढला की त्या घुमटासारख्या दिसतात. या सहलीतल्या नऊ ठेवलेल्या फोटोंपैकी तो एक, आणि त्यात इमारत नाही.

दुपारनंतर किल्ला. तिथली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४मध्ये बिचिराजानं बांधली, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या त्या प्रधानाचं नाव इथं ऐकायला मिळतंच. आत नेमिनाथ. आणि मंडपाच्या छताला उलटं लटकलेलं दगडी कमळ, ज्यावरून बसदीचं नाव पडलं. ७२ पाकळ्या आहेत असं सांगतात. मी मोजायला घेतल्या, चाळिसाच्या आसपास मान धरली.

या कमळाचा फोटो सगळेच काढतात आणि सगळ्यांचा थोडा वाकडा येतो. वर्तुळात वर्तुळं असली की केंद्रापासून दोन इंच सरकलं तरी डोळ्याला खुपतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, म्हणून मी ओढणीची चुंबळ केली, तिच्यावर कॅमेरा उताणा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि बाजूला झाले. पहिला फोटो डावीकडे. चुंबळ सरकवली. दुसरा वरच्या बाजूला. मामा खांबाला टेकून बघत होते. सातव्या खेपेला म्हणाले, "ओळंबा सोड की वरनं." सोडणार कुठून, आणि सोडू कोण देणार! पण बाराव्या खेपेला बरोबर मधोमध आलं, एक सेकंदाचं एक्स्पोजर, कडेपर्यंत सुस्पष्ट.

आणि बघून कंटाळा आला. खरंच. इतकी नेमकी वर्तुळं की डोळा फिरून फिरून मध्यावरच येतो, दुसरीकडे जायला वाटच नाही. मग चुंबळ काढून टाकली, कॅमेरा मंडपाच्या कोपऱ्यात नेला आणि कमळाचा फक्त पाव भाग धरला. पाकळ्यांच्या कमानी एका कोपऱ्यातून निघून फ्रेमबाहेर जाणाऱ्या, उरलेल्या जागेत छताचा काळोख. पूर्ण कमळ फ्रेममध्ये नाही, पण किती मोठं असेल ते आता कळतं.

मामांनी स्क्रीन बघितला. "मोडकं वाटतंय." मग खांबाकडे वळले. ते खांब कातीव, लेथवर फिरवल्यासारखे, गोल कडी एकावर एक. मामांनी एका कडीवर नख फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

रविवार, ३ मे

शेजाऱ्यांची ओम्नी सांगितली होती. खानापूरपर्यंत रस्त्याकडेला विटांच्या भट्ट्या आणि कौलांच्या चळती, पुढे नंदगड, मग झाडी. वाटेत पानांच्या द्रोणात करवंदं घेतली. हलशीला पोहोचेपर्यंत अकरा वाजले, म्हणजे फोटोग्राफरच्या हिशोबानं दिवसाची सगळ्यात वाईट वेळ.

त्यातही ३ मे. कर्कवृत्ताच्या खाली वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि हलशीच्या अक्षांशाला तो मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला येतो. इथं खरी दुपार बाराला होत नाही, घड्याळ अलाहाबादकडच्या रेखांशाचं असल्यानं साडेबाराच्या आत-बाहेर होते. त्या वेळी उभ्या वस्तूला सावली नसते म्हटलं तरी चालेल. आणि सावली नाही तर इमारतीच्या फोटोत उरतं काय? खोबण कळत नाही, पुढं आलेला भाग कळत नाही, सगळं सपाट. हे मला घरून निघताना माहीत होतं. तरी आले, कारण ओम्नीवाला फक्त रविवारी मोकळा होता. कलेतले बरेच निर्णय असे होतात.

हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी पलाशिका. ताम्रपट इथलेच, पाचव्या शतकापासूनचे. भूवराह नरसिंहाचं देऊळ नंतरचं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळतं होत जाणारं शिखर, त्याला कदंब शिखरच म्हणतात. आडव्या रेघांची चळत. आत गेलं की मात्र चक्रावायला होतं. एका टोकाला गाभारा, आणि त्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकालाही गाभारा. मधे मंडप. नेहमीच्या देवळाला एक पुढची बाजू असते, एक मागची. इथं मागची बाजूच नाही. मी मंडपात मधोमध उभी राहिले आणि हसायला आलं. एमआय, एंटर. बाराव्या शतकातला मिरर कमांड.

पण एकीकडे भूवराह, दुसरीकडे विष्णूच, निराळ्या रूपात. ऑटोकॅडमध्ये मिररटेक्स्ट नावाची एक सेटिंग असते. ती शून्यावर ठेवली की घर उलटतं, पण 'किचन', 'देवघर' ही अक्षरं सुलटीच राहतात. नवीन मुलं ती विसरतात आणि मग सगळा नकाशा आरशातल्यासारखा उलटा वाचावा लागतो. हलशीच्या स्थपतीनं ती शून्यावर ठेवली होती. खांब उलटवले, उंबरा उलटवला, देव उलटवला नाही. मामांना हे सांगितलं. त्यांनी एकदा या गाभाऱ्याकडे, एकदा त्या गाभाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे पीन सरकवलीय म्हण की."

मी उत्तर दिलं नाही, कारण हे मला सुचायला हवं होतं.

मंडपात खूप फोटो काढले, बहुतेक वाया. दोन्ही गाभाऱ्यांतला अंधार आणि मधला उजेड यांच्यात कॅमेऱ्याला मेळ घालता येत नव्हता. अंधाराला जपलं तर मधली फरशी पांढरीफटक, फरशीला जपलं तर गाभारे नुसते काळे चौकोन. शेवटी काळे चौकोनच ठेवले.

साडेबाराला बाहेर आले तर आवार भट्टी झालेलं. सावली कुठेच नाही. शिखराच्या सगळ्या आडव्या रेघा एकमेकींत विरघळलेल्या. मी जोत्यावर उभी राहून आज काही होणार नाही असं म्हणत होते. मामा चपला घालून ओम्नीकडे निघाले आणि त्यांनी छत्री उघडली. काळी, आठ काड्यांची, त्यांच्या रोजच्या वापरातली. सूर्य बरोबर वर. छत्रीची सावली मामांच्या पायाभोवती पडली, बाजूला लांबलेली नाही, तिरकी नाही, बरोबर खाली. मी वरून बघत होते म्हणून छत्री स्वतः एका बाजूला दिसत होती आणि तिची सावली तिच्या खाली थोडी सुटलेली, दोन काळे अष्टकोन, एक उडता, एक जमिनीला चिकटलेला. मामा छत्रीखाली झाकलेले, फक्त एक चप्पल बाहेर. भोवती नुसता रिकामा, पांढरा, सावली नसलेला दगड.

"मामा, थांबा!"

"काय झालं?"

"हलू नका. तसंच."

"ऊन किती हाय, कळूलालंय काय तुला?"

चार फोटो मिळाले. तीन हलले, म्हणजे मामा हलले. चौथ्यात अष्टकोन फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आहेत आणि बाकी तीन चतुर्थांश भाग मोकळ्या फरशीचा. कॅमेऱ्याची सेटिंग एफ ८, एक पाचशांश सेकंद. फरशीच्या सांध्यांच्या रेघा तिरक्या त्यांच्याकडे जातात. ज्या उन्हाला मी सकाळपासून शिव्या घालत होते त्याच उन्हानं हा फोटो दिला, दुसऱ्या कुठल्या दिवशी तो तिथं नसताच. ती चप्पल कापायची की ठेवायची, हे मात्र अजून ठरत नाही. ती ठेवली तर कळतं की हा माणूस आहे, आणि मग आकार नाहीसे होतात. कापली तर मामा नाहीसे होतात.

जेवण नंदगडच्या रस्त्यावर. भात-आमटी, त्याबद्दल विशेष काही नाही.

देगावला पोहोचलो तेव्हा पश्चिमेकडून ढग चढत होते. कमल नारायणाचं देऊळ शिवचित्त पेर्माडी या कदंब राजाची राणी कमलादेवी हिनं बांधवून घेतलं, तेही बाराव्या शतकात, आणि ते करणाऱ्या स्थपतीचं नाव तिप्पोज असं राहिलं आहे. राण्यांची नावं राहतात, कारागिराचं राहणं दुर्मीळ. मामांनी ते नाव मला तीनदा म्हणायला लावलं. तीन गाभारे एका ओळीत, तिघांना मिळून एकच लांब मंडप. तीन म्हटलं की एक मधला ठरतोच, आणि मधल्यासमोर पाय आपोआप थांबतात.

मी मुद्दाम टोकाच्या खांबाशी गेले. तिथून मंडप लांबीनं बघितला की खांब एकामागं एक सरत जातात, पहिला जवळचा आणि फ्रेमला उभा कापणारा, शेवटचा अंगठ्याएवढा. कातीव खांबांच्या कड्या, वळणं, चौरस, पुन्हा कडी. पंधरा मिनिटांत वळीव कोसळला. गारा नाहीत, पण पाऊस असा की बोललेलं ऐकू येईना. बाहेरचा उजेड गेला, आणि मग परत आला तो ओल्या दगडावरून उसळून, खालून. खांबांच्या कड्यांना खालच्या बाजूनं चंदेरी कड आली. कड्या खालून उजळलेल्या मी यापूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या, कारण ऊन खालून येत नाही. पंधरा-वीस फोटो काढले, हात न थांबवता. काहींमध्ये लेन्सवर थेंब आहेत. पुसायला ओढणी घेतली तर ती कालची चुंबळ, धुळीनं भरलेली. लेन्सवर एक बारीक ओरखडा त्या दिवसाचा आहे.

पाऊस थांबल्यावर मामा म्हणाले, "आता एक माझ्या सांगण्यानं काढ. देवळासमोर, मधोमध, सगळं देऊळ यायला पाहिजे, आणि मी उभा." काढला. त्यांना सेंटर लाईनवर उभं केलं, कॅमेरा सरळ धरला, उभ्या रेघा कलू नयेत म्हणून मागं मागं जात चिखलात घोट्यापर्यंत रुतले. अठरा वर्षांचा हात आहे, मिलिमीटरची चूक नाही.

परतीला हायवेनं आलो. हलग्याजवळ अंधारात सुवर्ण विधानसौध लागली, २०१२मध्ये उद्घाटन झालेली, मधे घुमट आणि दोन्हीकडे सारखे पंख. मामांनी मान वळवून बघितलं. "आता ही कशी काढशील?" मी म्हटलं, काढणार नाही. ओम्नीवाल्याला वाटलं मी राजकारण बोलतेय. मी नुसती दमले होते.

सोमवार, ४ मे

गोकाक. लाल बसनं गेलो. कर्नाटकात बायकांना बस फुकट, पण आधार कार्ड इथलं लागतं. माझं कोल्हापूरचं, तिकीट घ्यावं लागलं. मामांनाही घ्यावं लागलं, आणि त्यांनी ते समानता या विषयावर बोलत घेतलं.

मे महिन्यात गोकाकचा धबधबा म्हणजे धबधबा नसतोच. ५२ मीटर उंचीचा उघडा कडा, नालाच्या आकाराचा, आणि त्यावर घटप्रभेची एक ओली रेघ. पर्यटक वैतागून कणसं खात होते. मला मात्र पाणी नसल्याचाच आनंद. दगडाचे आडवे थर एकावर एक, हलशीच्या शिखरासारखेच, आणि त्यांना मधेच छेद देणाऱ्या उभ्या भेगा. झुलता पूल त्या दिवशी बंद होता, लांबूनच बघितला. दोन काठांना टांगलेली साखळी स्वतःच्या वजनानं ओघळते तिचा बाक एक, आणि खाली पुलाचा सपाट भार टांगला की होणारा बाक दुसरा, पॅराबोलाच्या जवळचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मामांनी खिशातून सुतळी काढून दोन बोटांत धरली, एक डोळा मिटून पुलावर ताडून बघितली आणि फरक दिसतोय असं जाहीर केलं. मला दिसला नाही. तीन फोटो, एकही ठेवला नाही.

मामांनी मामीसाठी कर्दंट घेतला. ते बेळगावच्या गाडीत बसले, मी संकेश्वरच्या. चार दिवसांत सहाशे अकरा फोटो, ठेवले नऊ.

पुढच्या महिन्यात मी मामांना दोन प्रिंटा पाठवल्या, छत्रीचा (चप्पल ठेवून) आणि देगावचा, मामा मधोमध उभे असलेला. छत्रीचा बघून मामी मामांना म्हणाली, यात तुम्ही कुठं आहात, आणि तो कपाटात गेला. देगावचा फ्रेम करून सोप्यात लावलाय. फोनवर मामा सांगत होते, भिंतीच्या मध्यावर खिळा ठोकायचा होता, पण तिथं स्विचबोर्ड आहे. म्हणून डावीकडे सरकवला, कॅलेंडर उजवीकडे घेतलं.